दान हातात नाही, चाल हातात आहे



मागील खेपेस आपण या सदरात बॅकगॅमन या फाशांच्या खेळाची तोंडओळख करून घेतली आणि शेवटी एक कोडे घातले होते. त्याला बरीच उत्तरे आली. शाळकरी मुलांनी पाठविली, गृहिणींनी पाठविली, एका निवृत्त कामगार बंधूंनी तर पोस्टकार्डावर पट्टीने पट आखून पाठविला. सर्वांचे आभार. पण खरे तेच सांगितले पाहिजे. पुष्कळांचे उत्तर चुकले आहे, आणि गंमत अशी की सगळ्यांची चूक एकच आहे. म्हणून आज त्या चुकीविषयीच बोलू.

ज्यांच्या हाती मागील अंक पडला नसेल त्यांच्यासाठी खेळ थोडक्यात सांगतो. पटावर चोवीस घरे असतात. दोन खेळाडू, प्रत्येकाच्या पंधरा सोंगट्या आणि दोन फासे. एकाच्या सोंगट्या ज्या दिशेने जातात त्याच्या उलट दिशेने दुसऱ्याच्या येतात. घरांचे नंबर प्रत्येकाने आपल्या बाजूने मोजायचे. बाहेर पडण्याच्या तोंडाशी असलेले घर १ नंबरचे, सर्वांत लांबचे २४ नंबरचे. १ ते ६ या आपल्या शेवटच्या सहा घरांना आपण अंगण म्हणू. पंधराही सोंगट्या अंगणात आल्या म्हणजे त्या एकेक करून पटाबाहेर काढायच्या. ज्याच्या आधी संपल्या तो जिंकला.

दोन फाशांच्या दोन चाली. त्या एकाच सोंगटीने खेळा किंवा दोन वेगळ्या सोंगट्यांनी. दोन्ही फाशांवर सारखा आकडा पडला तर त्याला आपण जुळे दान म्हणू. तेव्हा दोनाऐवजी चार चाली मिळतात. एका घरात आपल्या दोन सोंगट्या बसल्या की जोडी झाली. सारीपाट खेळणारी जुनी माणसे तिला जुग म्हणतात. त्या घरात समोरच्याला उतरता येत नाही. एकटी सोंगटी मात्र मारली जाते. ती मधल्या पट्टीवर जाते आणि तिला पहिल्यापासून प्रवास करावा लागतो. बाहेर काढण्याच्या वेळी फाशावर जो आकडा, त्याच घरातली सोंगटी निघते. फाशाचा आकडा आपल्या सर्वांत मागच्या सोंगटीच्या घरापेक्षा मोठा असेल तर ती मागची सोंगटी निघते. बस्स, एवढेच नियम आज पुरेत.

आता ते कोडे. तुमच्या तीनच सोंगट्या उरल्या आहेत. एक ६ नंबरच्या घरात, एक ५ नंबरच्या आणि एक ३ नंबरच्या. समोरच्याच्या चार सोंगट्या उरल्या आहेत आणि चारही त्याच्या १ नंबरच्या घरात बसल्या आहेत. तुम्हाला दान पडले सहा-एक. चाल कोणती कराल?

सहाची चाल सर्वांनी बरोबर सांगितली. ६ नंबरच्या घरातली सोंगटी बाहेर काढायची. उरल्या दोन, ५ वर आणि ३ वर. आता हातात फक्त एक घराची चाल आहे. बहुतेकांनी लिहिले की पाचावरची चारावर आणावी. कारणही दिले, की जी मागे राहिली तिला आधी पुढे आणावे. कारण ऐकायला फार चांगले आहे. पण पटावर ते इथे चालत नाही.

हे कोडे मी कोणत्या पुस्तकातून उचललेले नाही. ते आमच्या घरात घडले आहे.

आमच्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे आमचे दाजी, सुतारकाम करायचे. १९८८ साली ते कुवेतला कामाला गेले. तिथे त्यांच्या साइटवरच्या एका इजिप्शियन मुकादमाने त्यांना हा खेळ शिकविला. अरब देशांत याला तावला म्हणतात, तुर्कस्तानातही तावला. इस्तंबूल आणि कैरोच्या चहा-कॉफीच्या दुकानांत माणसे तासन्‌तास हा पट मांडून बसलेली असतात. इराणात याचे नाव नर्द. सोंगटीला आपल्याकडे नरद असा एक जुना शब्द आहे, तो या फारसी शब्दाचाच भाऊ. तुर्की खेळाडू आजसुद्धा दान फारसी आकड्यांनी पुकारतात: यक, दू, से, चहार, पंज, शश. त्यातला पंज आपल्या पंजाला किती जवळचा आहे पाहा!

तर दाजींची लाकडी घडीची पेटी आजही ताईच्या घरी आहे आणि तिच्यावर दाजी व त्यांची दहावीतली नात रोज संध्याकाळी खेळतात. मागे एका रविवारी मी गेलो होतो तेव्हा असाच डाव रंगला होता. नातीला सहा-एक पडले. तिने सहावरची सोंगटी काढली आणि थांबली.

दाजी म्हणाले, "अगं, त्यात विचार कसला करतेस? मागची पुढं घे."

"आबा, थांबा जरा. मला मोजू द्या."

तिने वहीचे पान फाडले, पाच मिनिटे काहीतरी लिहिले आणि पाचावरची सोंगटी जागेवर ठेवून तिनावरची दोनावर आणली. दाजी हसले. त्यांनी फासे टाकले, जुळे पडले नाही, त्यांच्या दोन सोंगट्या निघाल्या, दोन उरल्या. म्हणजे पुढच्या फेकीला ते जिंकणारच. नातीला एकच फेक मिळणार होती आणि त्या एका फेकीत तिच्या दोन्ही सोंगट्या निघायला हव्या होत्या.

तिने फासे टाकले. चार-तीन!

दाजींनी मांडीवर थाप मारली. "बघ! माझं ऐकलं असतंस तर चारावर एक अन्‌ तिनावर एक असती. दोन्ही निघाल्या असत्या. आता बस."

पोरीचे डोळे भरून आले. डाव गेल्याचे तिला वाईट वाटत नव्हते. तिने माझ्याकडे पाहिले आणि विचारले, "मामाआजोबा, मग मोजून काय उपयोग झाला?"

वाचकहो, आजचा सगळा लेख म्हणजे तिच्या या प्रश्नाचे उत्तर आहे.

आधी तिने कागदावर काय मोजले ते पाहू. एका फाशाला सहा बाजू. दुसऱ्यालाही सहा. म्हणून दोन फासे मिळून ३६ प्रकारे पडू शकतात. यात एक-एक, दोन-दोन अशी जुळी दाने प्रत्येकी एकाच प्रकारे पडतात. पण पाच-दोन हे दान दोन प्रकारे पडते. या फाशावर पाच व त्यावर दोन, किंवा या फाशावर दोन व त्यावर पाच. हे एवढे ज्याला कळले त्याला या खेळाची किल्ली सापडली.

आता दाजींची चाल घ्या. सोंगट्या ४ वर आणि ३ वर. एका फेकीत दोन्ही कधी निघतील? चार-तीन, पाच-तीन, पाच-चार, सहा-तीन, सहा-चार, सहा-पाच. ही सहा दाने, प्रत्येक दोन प्रकारे, म्हणजे १२. शिवाय दोन-दोनपासून सहा-सहापर्यंतची पाच जुळी दाने. एकूण १७.

आता नातीची चाल. सोंगट्या ५ वर आणि २ वर. पाच-दोन, पाच-तीन, पाच-चार, सहा-दोन, सहा-तीन, सहा-चार, सहा-पाच. ही सात दाने, म्हणजे १४. आणि तीच पाच जुळी दाने. एकूण १९.

छत्तीसांत सतरा एकीकडे, छत्तीसांत एकोणीस दुसरीकडे. दोन्ही चालींत उरलेले अंतर सारखेच आहे, चार अधिक तीन सात आणि पाच अधिक दोनही सात. तरी फरक पडतो. कारण काय? दोनावरची सोंगटी फाशावर दोन पडले तरी निघते, तिनावरची निघत नाही. पाच-दोन आणि सहा-दोन ही दाने, म्हणजे चार प्रकार, फक्त नातीच्या चालीला कामी येतात. फक्त दाजींच्या चालीला कामी येणारे दान एकच, चार-तीन, म्हणजे दोन प्रकार. आणि त्या दिवशी नेमके तेच पडले.

आता सांगा, चूक कोणाची? नातीची चाल बरोबर होती. ती हरली तरी बरोबर होती. फासे टाकण्याआधी जे माहीत होते त्यावरून तिने सर्वांत चांगली चाल केली. चार-तीन पडणार हे तिला ठाऊक नव्हते, दाजींनाही नव्हते. दान पडल्यावर शहाणपण सांगणे सगळ्यांनाच जमते. चाल मात्र दान पडण्याआधी करायची असते.

उलटेही ध्यानात ठेवा. आपण चुकीची चाल करतो, फासे आपल्या बाजूने पडतात, आपण जिंकतो आणि ती चूक कायमची मनात घर करून बसते. हरलेल्या डावापेक्षा असा जिंकलेला डाव जास्त नुकसान करतो.

हा प्रकार मोठमोठ्यांच्या बाबतीतही घडलेला आहे. १९७९ च्या जुलै महिन्यात मोंटे कार्लो येथे एक सामना झाला. एका बाजूला इटलीचे लुइजी व्हिला, त्याच वेळचे जगज्जेते. दुसऱ्या बाजूला माणूस नव्हताच. बीकेजी ९.८ नावाचा संगणकाचा प्रोग्राम होता, अमेरिकेतील हान्स बर्लिनर या शास्त्रज्ञांनी तयार केलेला. प्रोग्रामने सामना ७-१ ने जिंकला. जगज्जेत्याला यंत्राने हरविले म्हणून गाजावाजा झाला. पण बर्लिनर यांनी नंतर सगळ्या चाली एकेक करून तपासल्या आणि प्रामाणिकपणे लिहिले की फासे त्यांच्या प्रोग्रामला जास्त अनुकूल पडले. चाली मात्र व्हिला यांच्याच अधिक चांगल्या होत्या. जिंकलेल्या माणसाने असे सांगणे सोपे नाही. पण पुढची प्रगती अशा तपासणीतूनच होते.

आता डावाच्या मध्यावर या. तिथे सोंगट्या मारल्या जाण्याची भीती असते आणि सगळीच दाने अशी कागदावर संपत नाहीत. तिथे चाल कशी निवडायची? आमच्या नातीला मी चार प्रश्न लिहून दिले आहेत. तेच तुम्हाला देतो.

पहिला प्रश्न, दुसरी चाल आहे का? डोळ्यांत भरलेली पहिली चाल लगेच खेळू नका. निदान तीन चाली शोधा, मग निवडा. नवशिक्याच्या बऱ्याच चुका मोजण्यात होत नाहीत, दुसरी चाल दिसतच नाही म्हणून होतात.

दुसरा प्रश्न, माझी एकटी सोंगटी किती दानांनी मरेल? समजा ती समोरच्या सोंगटीपासून सहा घरांवर आहे आणि वाट मोकळी आहे. कोणत्याही फाशावर सहा पडले तर मरेल, ते ११ प्रकार. पाच-एकचे दोन, चार-दोनचे दोन, तीन-तीन एक, दोन-दोन एक. झाले १७. आता तीच सोंगटी एक घर आणखी लांब, म्हणजे सात घरांवर ठेवली तर? सहा-एक, पाच-दोन, चार-तीन. फक्त ६ प्रकार! एका घराच्या फरकाने धोका सतरावरून सहावर आला. आणि एकटीला सहा घरांच्या आतच ठेवावे लागत असेल तर बहुधा जितकी जवळ तितकी बरी. अगदी एका घरावर असेल तर ११ प्रकारांनीच मरते. शत्रूच्या नाकासमोरची सोंगटी सहा घरांवरच्या सोंगटीपेक्षा सुरक्षित असते, हे ऐकून पुष्कळांना खरे वाटत नाही. मोजून पाहा.

तिसरा प्रश्न, मेली तर काय जाईल? मेलेली सोंगटी समोरच्याच्या अंगणातून पटावर परत येते. त्याच्या अंगणात जोडीचे एकच घर असेल तर ३६ पैकी ३५ दानांनी ती आत येते. तीन घरे बंद असतील तर २७ दानांनी. पाच घरे बंद असतील तर ११ च दानांनी, तोवर तुम्ही बसून राहायचे. म्हणून समोरच्याचे अंगण मोकळे असताना धाडस परवडते, भरलेले असताना जपून खेळावे. अमेरिकेतील पॉल मॅग्रिएल यांनी १९७६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात हा विचार फार नीट मांडला. जपून खेळावे की धाडस करावे, हे स्वभावावर न सोडता पट पाहून ठरवावे, हे त्यांचे सांगणे.

चौथा प्रश्न, नाही मेली तर काय मिळेल? धोका पत्करायचा तर त्याबदली काही पदरात पडले पाहिजे. जोडीचे घर बनत असेल, समोरच्याची वाट अडत असेल, तरच. उगाच केलेले धाडस म्हणजे केवळ निष्काळजीपणा.

या चार प्रश्नांची परीक्षा एका जुन्या वादावर घेऊ. डाव सुरू होताना प्रत्येकाच्या सोंगट्या अशा मांडतात: २४ नंबरच्या घरात दोन, १३ मध्ये पाच, ८ मध्ये तीन आणि ६ मध्ये पाच. समोरच्याच्या दोन सोंगट्या आपल्या १ नंबरच्या घरात असतात. पहिलेच दान चार-एक पडले. चार घरांनी तेरावरची एक नवावर आणायची, हे ठीक. एकाचे काय?

१९८० च्या दशकापर्यंत पुष्कळ नामवंत खेळाडू सहावरची एक सोंगटी पाचावर एकटी ठेवीत. पाच नंबरचे घर फार मोलाचे. ती सोंगटी वाचली तर पुढच्या चालीत तिला जोडी द्यायची आणि घर पक्के करायचे. आता धोका मोजा. समोरच्याच्या सोंगट्या तिच्यापासून चार घरांवर आहेत. कोणताही चार, ११ प्रकार. तीन-एक दोन, दोन-दोन एक, एक-एक एक. झाले १५. नवावरची एकटी सोंगटी सहा-दोन आणि पाच-तीनने मरते, ते आणखी ४. एकूण ३६ पैकी १९. अर्ध्याहून जास्त! तरी ते खेळत, कारण सुरुवातीला समोरच्याचे अंगण मोकळे असते, आत येणे सोपे असते. पाचावरची मेली तर वीस घरांचा प्रवास वाया जातो, एवढेच, असा त्यांचा हिशेब.

मग १९९० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत आयबीएम कंपनीतील शास्त्रज्ञ जेराल्ड टेसॉरो यांनी टीडी-गॅमन नावाचा प्रोग्राम तयार केला. त्याला कोणी चांगली चाल, वाईट चाल शिकविली नव्हती. तो स्वतःशीच खेळत गेला आणि हरण्या-जिंकण्यातून शिकत गेला. त्याची २.१ ही आवृत्ती सुमारे १५ लाख डाव खेळून तयार झाली. नंतर नामवंत खेळाडू बिल रॉबर्टी यांच्याशी ती ४० डाव खेळली आणि अवघ्या एका गुणाने मागे राहिली. या प्रोग्रामने चार-एकवर वेगळेच उत्तर दिले. पाचावर एकटी ठेवू नका, मागच्या दोनांतली एक २४ वरून २३ वर सरकवा. तज्ज्ञांनी पट मांडून दोन्ही चालींनी तो डाव पुन्हा पुन्हा पुढे खेळून पाहिला आणि मान्य केले की यंत्राचे म्हणणे बरोबर आहे. वर्षानुवर्षांची सवय मोठमोठ्या खेळाडूंनी सोडून दिली.

यातून घेण्यासारखे काय? एक-दोन डावांच्या निकालावरून चालीची परीक्षा होत नाही. तीच चाल हजार वेळा खेळली तर काय होईल, हा खरा प्रश्न आहे. आमची नात १७ ऐवजी १९ ची चाल खेळली. एका डावात त्या दोनांचा फरक दिसणारही नाही. पण ती रोज अशी खेळत राहिली तर वर्षाच्या शेवटी दाजींच्या पुढे असेल, हे मी आज लिहून ठेवतो.

दुसरेही घेण्यासारखे आहे. "फासेच वाईट पडले" असे म्हणून सुटका करून घेऊ नका. हरलेल्या डावानंतर स्वतःला विचारा, मी कोणती चाल न मोजता केली? तशी चाल सापडली तर फाशाला दोष देऊ नका. नाही सापडली तर स्वतःलाही दोष देऊ नका. घरात संगणक असेल तर जीएनयू बॅकगॅमन नावाचा प्रोग्राम विनामूल्य मिळतो, त्यात आपला डाव घालून चुका पाहता येतात. नसेल तर कागद आणि पेन्सिल पुरे.

त्या रविवारी एवढे सगळे मी नातीला समजावून सांगितले. वहीचे पान पुन्हा एकदा दाजींसमोर ठेवले. दाजींनी चष्मा लावून एकेक दान बोटाने मोजले. सतरा, एकोणीस. मग बराच वेळ गप्प बसले आणि पेटीची कडी लावता लावता म्हणाले, "मेव्हणे, मग मी निघालो तीसुद्धा चाल मोजूनच केली होती की."

त्यांचा रोख मला कळला. १९८८ साली ताईचे दोन डाग मोडून, एजंटला पैसे भरून ते कुवेतला गेले. चाळीतली दोन माणसे आधीच तिथे होती, दर महिन्याला घरी पैसे येत होते. कागदपत्रे नीट पाहून, पगार किती, खर्च किती, फेड किती दिवसांत, सगळे दाजींनी वहीत मांडले होते. २ ऑगस्ट १९९० रोजी इराकी फौजा कुवेतमध्ये घुसल्या. पुढे एक लाख सत्तर हजारांच्या आसपास भारतीयांना मायदेशी आणले गेले, बहुतेकांना जॉर्डनमधील अम्मानहून एअर इंडियाच्या विमानांनी. दाजी त्यांतलेच एक. शेवटच्या महिन्यांचा पगार बुडाला, सामान तिथेच राहिले. हातात कपड्यांची पिशवी आणि ही पेटी. तेव्हापासून घरात पैशाची ओढाताण झाली की ताई म्हणायची, "तुमचं कुवेतला जाणंच चुकलं." आणि दाजी मान खाली घालून ऐकून घ्यायचे.

ताई आत स्वयंपाकघरात होती. तिने सगळे ऐकले असणार. ती बाहेर आली, चहाचे कप ठेवले, वहीचे ते पान उचलून पाहिले आणि नातीला म्हणाली, "हे नीट घडी घालून पेटीत ठेव. आबांना पुन्हा लागेल." त्या दिवशी ती कुवेतचे काही बोलली नाही.

असो. आता दोन उपयोगाच्या गोष्टी.

पट विकत आणण्याची गरज नाही. जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागे समोरासमोर बारा-बारा लांबट त्रिकोण आखा. मध्ये एक उभी पट्टी सोडा, म्हणजे दोन्हीकडे सहा-सहा होतील. शिंप्याकडून दोन रंगांची पंधरा-पंधरा बटणे आणा. फासे ल्युडोचे चालतील, फक्त दोन हवेत. झाला पट तयार.

दुसरी गोष्ट. या खेळात डाव दुप्पट करण्याचा एक वेगळा ठोकळा असतो. तो १९२० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये निघाला आणि पैसे लावून खेळणाऱ्यांत फार लोकप्रिय झाला. आपल्याला तो नको. पैसे लागले की माणूस मोजणे विसरतो आणि गेलेले परत मिळविण्यामागे लागतो. घरात मुलांबरोबर खेळायचे ते डोके चालविण्यासाठी. हरलेल्याने चहा करावा, एवढी पैज पुष्कळ झाली.

आता पुढच्या खेपेचे कोडे. तुमच्या तीन सोंगट्या उरल्या आहेत. दोन ६ नंबरच्या घरात आणि एक ३ नंबरच्या. समोरच्याच्या चार, चारही त्याच्या १ नंबरच्या घरात. दान पुन्हा सहा-एक. सहाने एक बाहेर काढलीत. उरल्या ६ वर एक आणि ३ वर एक. एकाची चाल कोणत्या सोंगटीने कराल, मागच्या की पुढच्या?

सावध राहा. आजचे उत्तर पाठ करून तेच लिहून पाठवू नका. दोन्ही चालींची दाने कागदावर मोजा, आकडे लिहा आणि मगच उत्तर पाठवा. नुसते उत्तर बरोबर आले आणि मोजणी नसली, तर या सदरात ते बरोबर धरले जाणार नाही. का, ते आता तुम्हाला माहीत आहे.